अळणी जेवणाची गोष्ट

हैतीच्या लोककथेतला झोंबी माणसे खात नाही. तो मालकाच्या शेतात राबतो. फ्रेंच अमलात तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकी गुलाम मरेपर्यंत खपत. मरण हीच सुटका. पण मेल्यावरही राबावे लागले तर? या कथेची दहशत ती आहे. १८०४ मध्ये गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवले. पुढे १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजेचा ताबा आला. रस्त्यांसाठी शेतकरी वेठीला धरले गेले. १९२९ मध्ये विल्यम सीब्रुकने उसात राबणाऱ्या मुडद्यांची कथा छापली. तीत मालक त्यांना अळणी जेवू घालतो. मीठ चाखताच ते जागे होऊन कबरीकडे निघतात. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे धन्याशी इमान. हैतीत मीठ खाऊन माणूस स्वतःलाच जागतो.