मराठी ख्रिस्ती घरांतील आजीची जागा

मराठी घरांत आजीची जागा कोणी मुद्दाम निर्माण करीत नाहीं, ती असतेच. देवघरापाशीं, चुलीपुढें, निजावयास आलेल्या नातवंडाच्या उशाशीं ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. आणि जी वस्तु नेहमींच असते तिचा इतिहास लिहावा असें कोणास वाटत नाहीं. परंतु महाराष्ट्रांत असा एक समाज आहे कीं, ज्याच्या कित्येक घराण्यांत ही जागा एके काळीं अजिबात रिकामी पडली व पुढें ती प्रयत्नानें भरून काढावी लागली. हा समाज म्हणजे ख्रिस्ती समाज. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें महाराष्ट्रांत ख्रिस्ती लोक सुमारें १० लाख ८० हजार, म्हणजे शेंकडा एकाहून किंचित् कमीच होते. संख्या अल्प खरी. पण आजी-आजोबांचें कुटुंबांतील खरें काम कोणतें, या प्रश्नाचें उत्तर या समाजाच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल. हाच प्रश्न आज नवी मुंबईच्या घराघरांत नव्यानें उभा आहे, म्हणून तो इतिहास पाहणें उपयोगाचें आहे.

सर्वच ख्रिस्ती घरांवर हा प्रसंग आला असें मात्र नव्हे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेली. त्यानंतर वसई, साष्टी व गोवें येथें जीं धर्मांतरें झालीं तीं बहुधा कुटुंबांचीं व गांवांचीं होतीं. त्यांत जबरदस्तीहि होती आणि लोभहि होता, हें इतिहास लपवीत नाहीं. पण परिणाम असा झाला कीं, आजा, बाप व नातू हे एकाच वेळीं एकाच वेशींतून आंत आले. शेत तेंच राहिलें, विहीर तीच राहिली आणि आजीहि तीच राहिली. १६१६ सालीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यांत राशोल येथें छापून निघालें. या ग्रंथांत सुमारें ११ हजार ओव्या आहेत. ख्रिस्ताची कथा सांगावयास त्या इंग्रज पाद्र्यानें मराठी पुराणाचेंच वळण घेतलें. कारण पुराण वाचण्यापेक्षां ऐकणारांचीच संख्या मोठी, हें त्यास ठाऊक होतें. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज पाद्री गेले, किल्ल्यांतील मोठमोठीं देवालयें ओस पडलीं. तरी खेड्यांतील ख्रिस्ती घरें टिकलीं. राजसत्तेचें पाठबळ गेल्यावरहि जो धर्म टिकतो, तो एतद्देशीय धर्मगुरूंच्या बरोबरीनें घरांतील वडीलधाऱ्यांच्या मुखांतूनच टिकतो.

गोव्यांत तळावली येथें १६९५ सालीं पूर्ण झालेलें संत अ‍ॅनाचें देवालय आहे. ही संत अ‍ॅना म्हणजे मरियेची आई, अर्थात् येशूची आजी. बायबलांत तिचें नांवहि नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील एका ग्रंथांतून तें परंपरेंत आलें. तिच्या उत्सवांत संतति व्हावी म्हणून भाविक स्त्रिया काकड्या वाहतात, आणि लोक या उत्सवास ‘तवशांचें फेस्त’ म्हणतात. मूल हवें तर तें आजीकडे मागावें, ही कल्पना ज्या समाजास सुचली त्याच्या घरांत आजीचें आसन किती भक्कम होतें, हें निराळें सांगावयास नको.

देशावरील गोष्ट अगदीं वेगळी. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, व १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें केलें. पुढें त्या भागांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील कुटुंबेंच्या कुटुंबें ख्रिस्ती झालीं. पण आरंभींच्या शिकलेल्या, उच्चवर्णीय तरुणांचें धर्मांतर हें एकेकट्याचें धर्मांतर होतें. बाप्तिस्मा झाला त्या दिवशीं घराचा उंबरठा तुटला. १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला होता. परंतु तो अज्ञान असल्यामुळें सुप्रीम कोर्टानें त्याला वडिलांच्या स्वाधीन केलें. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठें वादंग माजलें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं परत घेण्याचा पक्ष उचलून धरला व त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. या प्रकरणांत धर्माची चर्चा पुष्कळ झाली. पण त्याची कौटुंबिक बाजू अशी कीं, एका घरच्या दोन भावांपैकीं एकाच्या मुलांना आजोबा असणार होते आणि दुसऱ्याच्या मुलांना नव्हते. आणि आजोबा तर हयात होते!

सरकारनें १८५० सालीं एकविसावा कायदा केला. त्याअन्वयें धर्म अगर जात सुटल्यामुळें कोणाचा वारसाहक्क बुडेनासा झाला. हा कायदा महत्त्वाचा खरा. पण त्यानें आजोबांच्या जमिनींतील वांटा मिळवून दिला, आजोबांची मांडी मिळवून दिली नाहीं. ती देणें कोणत्याहि कायद्याच्या हातीं नव्हतें. याच काळाच्या उत्तरार्धांत आणखी एका मार्गानें आजी नसलेलीं ख्रिस्ती घरें निर्माण झालीं. १८९६-९७ च्या व त्यापुढील १९०० च्या सुमाराच्या दुष्काळांत अनाथ झालेल्या शेंकडों मुलींना पंडिता रमाबाईंनीं आपल्या छत्राखालीं घेतलें. खुद्द रमाबाईंचे आईबाप १८७४ च्या सुमारास दुष्काळानेंच गेले होते. केडगांवच्या मुक्तिसदनांतून ज्या मुली पुढें संसारास लागल्या, त्यांच्यापैकीं कित्येकींच्या मुलांनीं आईकडची आजी कधीं पाहिली नसेल.

या पहिल्या पिढीच्या घरांत प्रार्थना होती, शाळा होती, स्वच्छता होती, पुस्तकें होतीं. मागचें असें कांहीं नव्हतें. धर्म शिकविण्यास पाद्री होते. पण धर्म शिकविणें निराळें आणि तो घरांत मुरविणें निराळें. पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्या तरुणाच्या विश्वासाचा उगम सांगतांना प्रथम त्याच्या आजीचें, लोईसचें, नांव घेतलें आहे व मग त्याच्या आईचें. संबंध नव्या करारांत ‘आजी’ हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणीं येतो. मराठी ख्रिस्ती समाजाला स्वतःची लोईस मिळण्यास एक पिढी थांबावें लागलें.

ती पिढी कशी वयांत आली, हें पाहण्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्राइतकें चांगलें उदाहरण नाहीं. त्यांचा जन्म १८६८ चा, माहेर नाशिकजवळचें जलालपूर. नारायण वामन टिळकांशीं त्यांचें लग्न लहानपणींच, १८८० सालीं झालें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां मुलगा दत्तू अवघा तीनचार वर्षांचा होता. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्याला घेऊन नातलगांत वेगळ्या राहिल्या, नंतर पतीकडे नगरास गेल्या, आणि १९०० सालीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या. सोंवळ्याच्या घरांत वाढलेल्या या बाईनें जातिभेदाची एकेक गांठ कशी सोडली, याची हकीकत त्यांनींच ‘स्मृतिचित्रां’त सांगितली आहे.

१९१९ सालीं टिळक वारले. पुढील आयुष्यांत लक्ष्मीबाई बराच काळ मुलाच्या संसारांत होत्या. कांहीं काळ कराचीस, नंतर नाशिकांत. देवदत्तांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईला आठवणी लिहून देण्यास सांगितलें; त्या आठवणींचें ‘स्मृतिचित्रें’ झालें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या आजीनें घरांत बसून लिहिलेलें हें पुस्तक मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणलें जातें. त्याच्या आरंभींच १८५७ च्या धामधुमींत फांशीं गेलेल्या आजोबांची व वडिलांच्या पराकोटीच्या सोंवळ्याची हकीकत येते, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. धर्मांतरानें जें घर मागें राहिलें होतें, तें लक्ष्मीबाईंनीं हंसत हंसत, त्याचा द्वेष न करतां व त्याची भलावणहि न करतां, नातवंडांच्या हातीं आणून दिलें. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. त्याचे पहिले ११ अध्याय टिळकांचे. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनीं रचले. १९३६ सालीं त्या वारल्या, तेव्हां अखेरचा ७६ वा अध्याय देवदत्तांनीं लिहिला. पुढें ‘स्मृतिचित्रां’ची टिपांसह संपूर्ण आवृत्ति नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं सिद्ध केली. ज्या घराची सांखळी १८९५ सालीं तुटली, त्याच घरांत पुढच्या तीन पिढ्यांनीं एकमेकांचें अपुरें काम पुरें केलें. सांखळी तुटली त्या ठिकाणीं आजीनें कडी घातली होती.

आतां नवी मुंबईकडे वळावें. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली व ठाणें आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर हें शहर आंखलें गेलें. १९७३ सालीं वाशीच्या खाडीवर पूल झाला. १९९२ सालीं मानखुर्दहून रेल्वे वाशीस आली. मूळ गांवें मुख्यत्वें आगरी-कोळी लोकांचीं. तेथें आजी घरचीच होती. पण नव्या विभागांतील इमारतींत जीं कुटुंबें राहावयास आलीं तीं नवरा, बायको व मुलें एवढींच आलीं. नगरचीं, जालन्याचीं, वसईचीं, गोव्याचीं, केरळचीं ख्रिस्ती कुटुंबेंहि अशींच आलीं, आणि वाशीच्या सेक्रेड हार्टसारखीं नवीं देवालयें त्यांनीं भरलीं. पूर्वीं धर्मांतरानें जें झालें तें या वेळीं स्थलांतरानें झालें. फरक एवढाच कीं, आतां आजी-आजोबांनीं दार लावलेलें नव्हतें. फक्त अंतर पडलें होतें.

हें अंतर कापून आजी-आजोबा आज मुलांकडे येतात. सुनेच्या बाळंतपणास येतात, आणि दोघेंहि नोकरीस जातात म्हणून पुढेंहि राहतात. नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोंचविणें, दुपारीं जेवूं घालणें, संध्याकाळीं बागेंत नेणें, हीं कामें त्यांच्याकडे येतात. तीं आवश्यकच आहेत. परंतु आजीचें काम तेवढ्यावरच संपलें, तर तिची जागा पगारी बाईहि भरून काढूं शकेल. जें दुसऱ्या कोणासहि करतां येणार नाहीं तें काम निराळें आहे. नातू इंग्रजी शाळेंत जातो. टिळकांचीं पदें त्याला मराठींत म्हणतां यावयाचीं तर तीं आजीच्याच तोंडून यावीं लागतील. आपल्या पणजोबांनीं काय सोडलें, कां सोडलें आणि त्याचें मोल कोणीं दिलें, हें त्याला रविवारच्या धर्मवर्गांत कळावयाचें नाहीं.

यांत एक मर्यादाहि आहे. नातवंडांच्या संगोपनाची सत्ता त्यांच्या आईबापांची असते. प्रार्थनेची वेळ, जेवणाचें वळण, शिस्तीची तऱ्हा या बाबतींत आजी-आजोबांनीं घर ताब्यांत घेतलें, तर सुनेचा संसार व नातवाचा धर्म दोन्हीहि बिघडतात. पौलानें लोईसच्या पाठोपाठ युनीकेचें नांव घेतलें तें उगीच नव्हे. आजीची शिकवण आईच्या हातून मुलांपर्यंत गेली तरच ती टिकते. लक्ष्मीबाईंनींहि आठवणी मुलाच्या स्वाधीन केल्या, त्याच्यावर लादल्या नाहींत.

अलीकडे या नात्याकडे राज्याचें व धर्मसंस्थेचेंहि लक्ष गेलें आहे. २००७ च्या कायद्यानें वृद्धांना मुलांकडून, तसेंच सज्ञान नातवंडांकडूनहि, निर्वाह मागण्याचा हक्क दिला. २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून ठरविला. येशूच्या आजी-आजोबांचा सण २६ जुलैस येतो, म्हणून तो दिवस निवडला गेला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. तरी १८५० च्या कायद्याचा अनुभव येथेंहि विसरतां येत नाहीं. कायदा निर्वाह देईल आणि सण आठवण करून देईल. पण घरांतील आजीची जागा घरानेंच राखावी लागते, आणि आजीनेंहि ती भरावी लागते. ज्या समाजानें ती एकदां गमावून पुन्हां मिळविली, त्याला ती दुसऱ्यांदा केवळ सोयीपायीं गमावणें परवडणार नाहीं.