शिस्त, नेम आणि लेझीम

शाळेत दिवसातून सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी ‘शिस्त’ हेच उत्तर देतील. शिस्त म्हणजे रांग, शिस्त म्हणजे गप्प बसणे, शिस्त म्हणजे गुरुजींचा धाक, असे समीकरण मुलांच्या मनात पक्के झालेले असते. पालकही ‘याला जरा शिस्त लावा’ म्हणून सांगतात, तेव्हा त्यांना धाकच अभिप्रेत असतो. परंतु या शब्दाचा इतिहास पाहिला तर निराळीच हकीकत हाती लागते. हा शब्द मूळचा शाळेतला नाही. तो तिरंदाजाच्या अंगठ्यावरून आपल्या मराठीत आला आहे.

शब्दांची साक्ष

फारसी भाषेत ‘शस्त’ म्हणजे अंगठा. धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात जी कडी घालीत, तिलाही शस्त म्हणत. त्यावरून ‘शिस्त’ म्हणजे नेम असा अर्थ रूढ झाला. जुन्या मराठी कोशांत हा अर्थ आढळतो. नेम चुकू नये म्हणून जी व्यवस्था लागते तिलाही पुढे शिस्त म्हणू लागले, आणि आज तेवढाच अर्थ आपल्या लक्षात राहिला आहे.

मौज अशी की, मराठीतील ‘नेम’ या शब्दाची कथाही अशीच आहे. तो संस्कृत ‘नियम’ या शब्दापासून आला. नेम म्हणजे रोजचा परिपाठ आणि नेम म्हणजे लक्ष्यावर धरलेला रोख. एक शब्द फारसीतून आला, दुसरा संस्कृतातून. पण नेम साधणे आणि नियमाने वागणे यांना मराठी माणसाने एकाच नावाने ओळखले. आपल्या तिसगावच्या जुन्या वेशींकडे पाहून आपण ‘कमान’ म्हणतो, तो शब्दही धनुष्याचाच. घड्याळाची कमान तीच.

निजामशाहीच्या काळातील धनुष्य

अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) निजामशाही १४९० साली स्थापन झाली आणि १६३६ साली संपली. आपले गाव तिच्या राजधानीपासून घोड्यावरून एका दिवसाच्या वाटेवर. त्या काळी तोफा आल्या होत्या. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरलाच ओतली गेली. तरीही घोडेस्वाराच्या हातातील धनुष्य गेले नव्हते. तोड्याची बंदूक एकदा डागून पुन्हा भरेपर्यंत तिरंदाज कित्येक बाण सोडीत असे.

हे धनुष्य नुसत्या लाकडाचे नसे. मध्ये लाकूड, आतल्या अंगाला शिंग, बाहेरच्या अंगाला जनावरांच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सर्व सरसाने चिकटविलेले. ते तयार व्हायला अनेक महिने लागत. पावसाळी दमट हवेत सरस सैल पडतो, म्हणून हिंदुस्थानात पोलादी धनुष्येही बनविली गेली.

नेम कसा धरीत?

बंदुकीच्या नळीवर माशी असते. माशी लक्ष्याशी जुळवली की नेम धरता येतो. धनुष्याला अशी माशी नव्हती. मग नेम कसा साधत असेल?

विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे गणित करून पाहावे. समजा, बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने आडवा सुटला. साडेबारा मीटरवरील लक्ष्य तो पाव सेकंदात गाठील. हवेचा अडथळा सोडून दिला, तर तेवढ्या वेळात तो सुमारे ३० सेंटीमीटर खाली येईल. २५ मीटरवरील लक्ष्याला अर्धा सेकंद लागेल आणि बाण सुमारे सव्वा मीटर खाली येईल. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते. म्हणजे दर अंतराला हात किती उचलायचा, हे तिरंदाजाला क्षणार्धात ठरवावे लागे. कागद-पेन्सिलीला तेथे वाव नाही. हे गणित हातात आणि डोळ्यांत मुरावे लागते.

त्यासाठी एकच मार्ग होता. प्रत्येक खेपेला सर्व काही तसेच्या तसे करायचे. पाय तसेच, डाव्या हाताची मूठ तशीच. उजवा अंगठा दोरीला अडकवून त्यावर तर्जनी दाबायची आणि दोरी दर वेळी कानाजवळच्या त्याच जागेपर्यंत ओढायची. नजर बाणावर न ठेवता लक्ष्याच्या लहानात लहान बिंदूवर ठेवायची. नजर धनुष्याच्या बाहेरून लावावी की आतून, याबद्दल जुन्या अरबी ग्रंथकारांत मतभेद होते. पण ओढ दर वेळी सारखी असावी यावर सर्वांचे एकमत होते. ओढ सारखी असेल तरच चुकलेला बाण काही शिकवतो. ती दर वेळी वेगळी असेल, तर बाण का चुकला हेच कळत नाही.

इस्लामच्या इतिहासात हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे नाव तिरंदाज म्हणून आदराने घेतले जाते. चौदाव्या शतकात तैबुगा याने मामलुकांच्या राज्यात या विद्येवर ग्रंथ लिहिला. महाभारतात एकलव्याची गुरुदक्षिणा अंगठ्याचीच आहे. अंगठ्याची किंमत सर्वांनाच ठाऊक होती.

आधी लेझीम, मग बाण

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवख्या शिष्याच्या हाती लगेच बाण देत नसत. त्याला प्रथम एक मऊ धनुष्य मिळे. त्याने ते नुसते ओढायचे आणि सोडायचे. तुर्कस्तानात अशा धनुष्याला ‘केपाझे’ म्हणत. इराणात आणि हिंदुस्थानात त्याचे नाव होते ‘लेझीम’! दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले हे कसरतीचे धनुष्य आखाड्यांतून फिरले आणि आपल्या शाळांच्या मैदानावर आले. ढोलकीच्या तालावर जी लेझीम आपली मुले-मुली खेळतात, ती तिरंदाजाची पहिली पाटी आहे.

लेझमीनंतर अगदी जवळचे लक्ष्य येई. तुर्की उस्ताद भरलेले पोते चार हातांवर ठेवीत. तेथे चुकण्याचा प्रश्नच नसे. हात बसावा एवढाच हेतू. मग अंतर थोडे थोडे वाढे. ताकदीपेक्षा कडक धनुष्य हाती दिले तर शिष्याचा हात थरथरतो, अंग वाकडे होते, आणि एकदा जडलेली खोड सुटत नाही.

अंबरावर सुटलेला बाण

जहांगीर बादशहाच्या दरबारातील चित्रकार अबुल हसन याने सुमारे १६१६ साली एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीगोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात मात्र निजामशाहीचा हा हबशी वजीर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस राज्याचा कारभारी झाला आणि १६२६ साली वृद्धापकाळाने वारला. चित्रातील नेम अचूक ठरतो, कारण तेथे अंतर नसते. खऱ्या लक्ष्याला अंतर असते आणि ते रोज तोडावे लागते.

पुढे बंदुका सुधारल्या आणि धनुष्य मागे पडले. तरी विद्या संपली नाही. आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ या प्रकारात आजही बांबूच्या धनुष्याने, नेमाच्या कोणत्याही साधनाविना, ३० व ५० मीटरवर बाण मारतात. पारंपरिक तुर्की तिरंदाजीची २०१९ साली युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिच्या धनुष्याला नेमाचे साधन असते हे खरे. पण तीच ओढ हजारो वेळा ओढण्याचे कष्ट त्या साधनाने वाचत नाहीत.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

आज आपल्या समाजातील अनेक पालक मुलामुलींना शिकविण्यासाठी पोटाला चिमटा घेतात. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. पण पाचवीतल्या मुलाच्या हाती डॉक्टरकीचे कडक धनुष्य देऊ नये. आधी लेझीम द्यावी: रोज ठरलेल्या वेळी एक पान वाचन, एक पान लेखन, दहा गणिते. मग लक्ष्य थोडे थोडे दूर न्यावे. एखादा बाण चुकला, एखाद्या परीक्षेत अपयश आले, म्हणून मुलीला शाळेतून काढू नये, मुलाला गॅरेजवर बसवू नये. तिरंदाज चुकलेल्या बाणाकडे पाहूनच हात सुधारतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, यापुढे कोणी ‘शिस्त लाव’ म्हणाले तर रागावू नका. ‘शिस्त’ आणि ‘लेझीम’ हे फारसीचे शब्द मराठीने आपल्या घरात घेतले, आणि आज ते सर्वांचे आहेत. कोणी शिस्त मागितली, तर आपला नेम कोठे आहे, एवढे मनाशी विचारा. नेम ठरला की शिस्त आपोआप कळते.