बंदुकीच्या कुळातला कॅमेरा

पेडगावच्या शिवारात पिंगळा पाहायला रात्रीची वाट बघावी लागत नाही. परभणीहून मानवतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. मराठवाड्यातल्या अशा गावांत जुन्या लिंबाच्या, चिंचेच्या ढोलीतून पिंगळा दिवसाउजेडीही डोकावतो. फोटोत त्याच्या डोक्यावरचे पांढरे ठिपके स्वच्छ आले की मला रानपिंगळा आठवतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जेमतेम असतात. त्याचा पुन्हा शोध लागायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

1873 मध्ये ॲलन ह्यूम यांनी रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात शहादा-तळोद्याकडे आणखी काही पक्षी मिळवले. ‘मिळवले’ म्हणजे गोळी घालून. पक्ष्याची ओळख पटवायची तेव्हाची रीत तीच. 1884 नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंदच नव्हती. रिचर्ड माइनर्ट्झहागन या पक्षिसंग्राहकाने तर संग्रहालयातलं डेव्हिडसनचं एक कातडं पळवलं आणि आपण ते 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलं, अशी खोटी चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विसंबलेले अभ्यासक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ही लबाडी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडी पाडली. मग बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्या, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा सापडला. या वेळी पुरावा म्हणून कातडं लागलं नाही. चित्रफीत आणि छायाचित्रं पुरली. मला हा वन्यजीव छायाचित्रणाच्या कलेचा सर्वांत मोठा विजय वाटतो.

तरी या कलेचं कूळ शिकाऱ्यांचंच. अमेरिकेतले ओजिब्वे लोक रात्री होडीच्या टोकाला जाळ ठेवून, उजेडाने थबकलेलं हरीण मारत. जॉर्ज शिरास या शिकारी वकिलाने ती युक्ती उचलली, बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला आणि मॅग्नेशियमची पूड पेटवून काळोखातली जनावरं टिपली. 1906 च्या जुलैत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याची 74 छायाचित्रं छापली. इंग्लंडात कीर्टन बंधूंनी पक्ष्यांजवळ जाण्यासाठी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल केला आणि त्याच्या पोटात बसून छायाचित्रं काढली. घुबडाचा राग मात्र एरिक हॉस्किंग या छायाचित्रकाराला भोवला. 1937 मध्ये घरट्याजवळच्या लपणाकडे जाताना एका घुबडाने त्याच्या तोंडावर झडप घातली, त्यात त्याचा डावा डोळा गेला. तरीही तो आयुष्यभर पक्षीच टिपत राहिला.

आज पेडगावात पोकळ बैल लागत नाही. बांधावर उभी केलेली जीप पुरते; पायी येणाऱ्या माणसाला पाहून उडणारा पिंगळा गाडीतल्या माणसाकडे बहुधा दुर्लक्ष करतो. नवे कॅमेरे संधिप्रकाशातही काम देतात, त्यामुळे शिरासचा लखलखाट आता घुबडाच्या डोळ्यांवर पाडायचं काहीच कारण उरलेलं नाही. ध्वनिमुद्रित हाक वाजवून त्याला ढोलीबाहेर काढणं मला शिकारीइतकंच खुपतं, कारण पिलांसाठी किडे-उंदीर शोधायचा त्याचा वेळ अस्तित्वातच नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात जातो. पडक्या विहिरीतल्या गव्हाणी घुबडाचा फोटो असेल तर मी खाली फक्त जिल्हा लिहितो. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे अजून आहेत, आणि विहिरीचा पत्ता त्यांनाही वाचता येतो.