सेन्सरवरील धूळ : एका सफाईची कुळकथा

छायाचित्रणात धूळ पहिल्यापासूनच शत्रू मानली गेली असली, तरी कॅमेऱ्याच्या आत प्रतिमा झेलणाऱ्या पृष्ठभागावरून ती पुसून काढण्याचे तंत्र फार अलीकडचे, जेमतेम तीन दशकांचे आहे. फिल्मच्या काळात त्याची गरजच पडली नाही. ३५ मिलिमीटर रुंदीच्या रोलमध्ये प्रत्येक चित्रासाठी शटरमागे नवा, कोरा तुकडा येत असे आणि त्यावर एखादा कण बसलाच, तर चित्र टिपून झाल्यावर तो बहुधा फिल्मबरोबरच पुढे सरकून गुंडाळीत जात असे. म्हणजे एका कणाची किंमत बहुतेक वेळा एका चित्रापुरतीच मोजावी लागे. धुळीशी खरी गाठ पडे ती डार्करूममध्ये. तेथे निगेटिव्हवर बसलेला कण प्रकाश अडवी आणि प्रिंटवर पांढरा ठिपका उमटे, आणि बारीक टोकाच्या कुंचल्याने रंग टेकवत असे ठिपके झाकणे, ज्याला व्यवसायात स्पॉटिंग म्हणत, हे स्टुडिओतील रोजचे चिकाटीचे काम होते.

निगेटिव्हला कण चिकटून राहतो तो पुष्कळदा स्थिर विद्युतभारामुळे, आणि कोरड्या ब्रशाने घासले की हा भार कमी होण्याऐवजी वाढतो. यावर अमेरिकेत निघालेला उपाय आज वाचताना अंगावर काटा आणतो. स्टॅटिकमास्टर नावाच्या ब्रशाच्या केसांमागे पोलोनियम-२१० या किरणोत्सारी मूलद्रव्याची पातळ पट्टी बसवलेली असे. तिच्यातून निघणारे अल्फा कण आसपासच्या हवेचे आयनीभवन करत, म्हणजे हवेच्या रेणूंना विद्युतभारित करत, आणि ती हवा फिल्मवरील भार मोडून टाकी. पोलोनियम-२१० चा अर्धायुकाल सुमारे १३८ दिवसांचा असल्याने वर्षभरात पट्टीचा प्रभाव ओसरे आणि ती बदलावी लागे. धूळ हटवण्याआधी तिला धरून ठेवणारी शक्ती मोडावी लागते हा धडा डार्करूमने असा शिकवला, आणि सेन्सरची सफाई करणाऱ्यांना तो पुढे जसाच्या तसा कामी आला.

विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडीची, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो ओळीने वाचू देणाऱ्या चकतीची, कल्पना मांडली. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ या कॅमेऱ्यावर बेतलेला १३ लाख पिक्सेलांचा डीसीएस बाजारात आणला, १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा वृत्तछायाचित्रकारांच्या हाती स्थिरावला. त्याबरोबर एक मूलभूत बदल झाला, ज्याची पुरती कल्पना खरेदीदारांना तेव्हा नव्हती : प्रतिमा झेलणारा पृष्ठभाग आता जागचा हलत नव्हता. लेन्स काढताना आत शिरलेला, आरशाच्या उघडझापीने उडालेला किंवा शटरच्या झिजेतून सुटलेला कण एकदा बसला की पुढच्या हजारो चित्रांत त्याच ठिकाणी दिसत राही. सेन्सरसफाईचे सारे तंत्र या एका स्थिरतेतून जन्माला आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सुरक्षिततेचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. ज्याला सर्रास सेन्सरची सफाई म्हटले जाते, तीत सेन्सरच्या सिलिकॉनला कोणी हात लावत नाही. त्याच्या पुढे काच व स्फटिक यांचे थर असतात. त्यांपैकी काही अवरक्त किरण गाळतात, तर काही, बहुधा लिथियम नायोबेटचे, प्रतिमेतील अतिसूक्ष्म तपशील किंचित पसरवून पिक्सेलांच्या जाळीमुळे उमटणारे खोटे पट्टे टाळतात. धूळ बसते ती या थरांच्या बाहेरच्या पृष्ठावर, आणि चित्रात दिसते ती तिची सावली. हे थर एकूण २ मिलिमीटर जाड धरले, तर काचेतील वक्रीभवन जमेस धरून ते अंतर हवेतील सुमारे १.३ मिलिमीटरइतके भरते. एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे असताना, एका पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा शंकू बाहेरच्या पृष्ठापाशी साधारण ०.४६ मिलिमीटर रुंद असतो, आणि ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातला सुमारे १ टक्का प्रकाश अडवतो. एफ/१६ वर तोच शंकू ०.०८ मिलिमीटरपर्यंत अरुंद होतो आणि तोच कण एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश खातो. व्यक्तिचित्रांत न जाणवणारी धूळ निसर्गचित्रातल्या निरभ्र आकाशात एकाएकी काळ्या डागांच्या रूपाने प्रकटते, ती यामुळे.

ही सावली छायाचित्रकारांच्या आधी खगोलशास्त्रज्ञांनी ओळखली होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास सीसीडी दुर्बिणींवर बसवला जाऊ लागला आणि त्याच्या पहिल्या पिढीतच धुळीची वर्तुळे दिसू लागली. बहुतेक मोठ्या दुर्बिणींत दुय्यम आरसा मध्यभागीचा प्रकाश अडवत असल्याने प्रकाशाचा शंकू आतून पोकळ असतो, आणि म्हणून कणाची सावली मेदूवड्यासारखी, मधे उजेड आणि भोवती काळे कडे अशी पडते. कड्याचा व्यास मोजून त्याला दुर्बिणीच्या एफ-अंकाने गुणले, की कण सेन्सरपासून किती अंतरावर, म्हणजे खिडकीच्या काचेवर आहे की त्यापुढच्या फिल्टरवर, हे सांगता येते. मात्र सीसीडी निर्वात कुपीत थंड करून ठेवलेला असल्याने दर वेळी उघडून पुसणे शक्य नव्हते. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग काढला : संधिप्रकाशातील आकाशाचे किंवा घुमटातील उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचे सपाट चित्र घ्यायचे आणि रात्रीच्या प्रत्येक चित्राला त्याने भागायचे, म्हणजे जेथे धुळीने दहावा हिस्सा प्रकाश खाल्ला असेल तेथे तो गणिताने परत मिळतो. फ्लॅट फील्ड नावाची ही पद्धत जगभरच्या वेधशाळांचा नित्याचा पाठ झाली. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे २००६ मध्ये कार्यान्वित झालेल्या आयुकाच्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील निरीक्षणांचे संस्करणही याच पाठाने सुरू होते. निकॉनने २००४ च्या डी७० मध्ये डस्ट ऑफ या नावाने दिलेली सोय, म्हणजे कोऱ्या पांढऱ्या पृष्ठाचे संदर्भचित्र घेऊन त्यावरून संगणकाने डाग पुसणे, ही या खगोलीय युक्तीची धाकटी बहीण होय.

प्रत्यक्ष कण हटवण्याचे घराणे निराळे आहे, आणि त्यातील प्रत्येक साधन दुसऱ्याच एखाद्या धंद्यातून आलेले दिसते. रबरी फुग्याचा ब्लोअर घड्याळजींच्या पेटीतला. सेन्सरसाठी त्यात झालेली खरी सुधारणा म्हणजे मागच्या बाजूची झडप, जिच्यामुळे फुगा हवा पाठीमागून घेतो आणि आताच उडवलेली धूळ नळीतून पुन्हा आत ओढत नाही. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे तुषार काचेवर वाळतात, आणि दाबाखाली भरलेल्या डब्यातून हवा मारली तर त्यातील द्रव कधी कधी थेट काचेवर उडून गोठतो, म्हणून हे दोन्ही उपाय लवकरच वर्ज्य ठरले. ब्लोअरचीही मर्यादा होतीच, आणि तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे. कणाचा व्यास दहापटीने घटला तर पृष्ठाला चिकटवणारे रेणवीय आकर्षण साधारण दहापटीनेच घटते, पण वाऱ्याचा धक्का शंभरपटीने आणि हादऱ्याचे बल हजारपटीने घटते; म्हणजे कण जितका बारीक तितका तो हट्टी. दमट किनारी हवेत तर कण आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा थर धरतो, आणि तो वाळताना विरघळलेले क्षार कणाला जणू सिमेंटने बसवतात.

अशा कणांसाठी ओली सफाई आली, आणि तिचे माहेर चिप बनवणारे कारखाने हे होते. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास अशी खोली रचली, जिच्यातील हवा सूक्ष्म गाळण्यांतून एका संथ, एकदिश प्रवाहाने सतत वाहत राही आणि सुटलेला कण बरोबर घेऊन जाई. या स्वच्छ कक्षांतील कामासाठी धागे न सोडणारी कापडे, तसेच कापड चढवलेले पातळ दांडे तयार झाले होते, आणि १९९९ नंतरच्या काही वर्षांत ते छायाचित्रकारांच्या हाती पोहोचले. अमेरिकेतील फोटोग्राफिक सोल्यूशन्स या फिल्म साफ करण्याची द्रव्ये बनवणाऱ्या कंपनीने सेन्सर स्वॅब आणि एक्लिप्स हे अतिशुद्ध मेथेनॉल विकायला आणले. मेथेनॉल सुमारे ६५ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे काचेवरून ते झटकन उडून जाते आणि मागे थर ठेवत नाही. मात्र ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे. ज्यांना महागडे स्वॅब परवडत नसत, ते स्वयंपाकघरातील रबरी पात्याचा स्पॅट्युला कापून त्याला कापड गुंडाळत. उत्पादक कंपन्या मात्र दीर्घकाळ ग्राहकांना ब्लोअरखेरीज काही वापरू नका असेच बजावत राहिल्या. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, परंतु सेवाकेंद्रापासून दूर काम करणाऱ्या छायाचित्रकाराला त्या सल्ल्याचा उपयोग नव्हता, आणि तंत्र घडले ते या दुर्लक्षित वापरकर्त्यांच्या हातून, हे नोंदवले पाहिजे.

त्यांनी बसवलेला क्रम आजही टिकून आहे. बॅटरी पूर्ण भरलेली ठेवायची, कारण सफाई चालू असताना वीज संपली तर आरसा खाली येतो आणि शटर हत्यारावर मिटते. याच कारणासाठी सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत भिंतीच्या विजेची जोडणी असल्याशिवाय आरसा वर धरूनच ठेवता येत नसे. कॅमेऱ्याचे तोंड खाली करून आधी ब्लोअर मारायचा, म्हणजे मोठा, टणक कण ओल्या कापडाखाली सापडून काचेवर चरा पाडणार नाही. मग सेन्सरच्या आखूड बाजूएवढ्या रुंदीचा, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरसाठी २४ मिलिमीटरचा, स्वॅब घेऊन त्याच्या कडेवर दोनतीन थेंब टाकायचे, ते कापडात मुरू द्यायचे, आणि किंचित तिरका धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात न्यायचा. परत येताना स्वॅबची दुसरी बाजू वापरायची आणि नंतर तो टाकून द्यायचा. थेंब जास्त झाले तर कडेला वाळल्याचा डाग राहतो, कमी झाले तर कापड अडखळते, आणि हा अंदाज हातालाच यावा लागतो.

तिसरे घराणे काचेनेच स्वतःची धूळ झटकावी असे म्हणणारे, आणि त्याचा उगम सर्वांत जुना आहे. १८८० मध्ये झाक व प्येर क्युरी या बंधूंनी काही स्फटिक दाबल्यावर विद्युतभार निर्माण करतात हे दाखवले. त्याच्या उलट, वीज दिल्यावर स्फटिक आकार बदलेल, हे पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणिताने मांडले. रंगीत छायाचित्रणाच्या पद्धतीसाठी १९०८ चे नोबेल मिळवणाऱ्या याच शास्त्रज्ञाच्या त्या निष्कर्षावर सव्वाशे वर्षांनी कॅमेऱ्याची सफाई उभी राहावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. ऑलिम्पसने २००३ च्या ई-१ मध्ये सेन्सरपुढे स्वतंत्र काच बसवून तिला अशा स्फटिकद्रव्याने श्राव्यातीत कंपने दिली. कॅमेरा सुरू होताच धूळ सुटे आणि खालच्या चिकट पट्टीवर अडके. सिग्माने २००२ च्या एसडी९ मध्ये लेन्सच्या मागेच काच लावून धुळीचा मार्ग बंद करण्याचा वेगळा प्रयोग केला होता, पण बाजाराने स्वीकारला तो कंपनांचा मार्ग. २००६ मध्ये कॅननचा ४००डी, सोनीचा अल्फा १०० आणि पेंटॅक्सचा के१०डी आपापल्या हादरण्याच्या योजना घेऊन आले, आणि २००७ मध्ये निकॉननेही डी३०० मध्ये ती सोय दिली.

हादऱ्याने सुटत नाही ते तेल. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर ठिपके वारंवार दिसू लागले, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत कंपनीने तपासणी, सफाई व शटर बदलणे विनामूल्य करून देण्याचे जाहीर केले. तोवर तसे ठिपके काढायला ओला स्वॅबच लागे. आरसाविरहित कॅमेऱ्यांनी प्रश्न पुन्हा बदलला. त्यांत लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो, म्हणून कॅननने २०१८ च्या ईओएस आर मध्ये वीज बंद होताच शटरचा पडदा पुढे येईल अशी व्यवस्था केली. पण हा पडदा सेन्सरवरच्या काचेहून कितीतरी नाजूक असल्याने त्याच्यावर ब्लोअर जोराने मारणे हीच नवी चूक ठरली. शिवाय हात हलल्याचा परिणाम टाळण्यासाठी तरंगता बसवलेला सेन्सर काही कॅमेऱ्यांत वीज बंद असताना सैल असतो आणि स्वॅबच्या दाबाखाली सरकतो.

सफाईनंतरची चाचणी सर्वत्र एकच आहे : एफ/१६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या आकाशाचे चित्र घ्यायचे आणि पडद्यावर मोठे करून पाहायचे. चित्रातील वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग सेन्सरकडे समोरून पाहताना खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते. कण चित्राच्या मध्यावर असेल तर दुसरा कोरा स्वॅब काढला जातो. तो कडेला आणि फिकट असेल, तर जाणते तंत्रज्ञ बहुधा काचेला पुन्हा हात लावत नाहीत आणि तेवढा डाग संगणकावर पुसतात.