स्वरयंत्र : आवाजामागची रचना

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली. बालगंधर्वांचे मूळ गाव नागठाणे याच सांगली जिल्ह्यातील, तर शाहीर साबळे यांचे पसरणी सातारा जिल्ह्यातील. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविणे ही नटाची आणि शाहिराची पहिली कसोटी असे. हा सारा भार गळ्यातील जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या एका अवयवावर पडत असे. तो अवयव म्हणजे स्वरयंत्र.

रचना

स्वरयंत्र मानेच्या पुढच्या बाजूस, घसा आणि श्वासनलिका यांच्या मध्ये असते. त्याचा सांगाडा नऊ कूर्चांचा असतो. त्यांपैकी तीन एकेकट्या आणि सहा जोडीच्या. सर्वांत मोठी थायरॉइड कूर्चा ढालीसारखी असून पुरुषांच्या गळ्यावर दिसणारा कंठमणी हा तिचाच उंचवटा होय. तिच्या खालील क्रिकॉइड कूर्चा अंगठीच्या आकाराची असते. श्वसनमार्गातील हे एकमेव पूर्ण कडे असल्याने लहान मुलांत येथे थोडी सूज आली तरी श्वास कोंडू शकतो. पानाच्या आकाराची एपिग्लॉटिस घास गिळताना स्वरयंत्राचे दार झाकण्यास मदत करते.

अंतर्भाग

आतील पोकळीचे तीन मजले कल्पिता येतात. वरच्या मजल्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक घडी असते. तिला आभासी स्वरतंतू म्हणतात. तिच्याखाली लहानशी खोबण आणि त्याखाली खरे स्वरतंतू असतात. या तंतूंच्या खालचा तिसरा मजला श्वासनलिकेस मिळतो. खरे स्वरतंतू पुरुषांत साधारणपणे १७ ते २५ मिलिमीटर, तर स्त्रियांत १२ ते १८ मिलिमीटर लांब असतात. तंतू म्हटले तरी ती तार नव्हे; स्नायू, अस्थिबंध, मऊ जेलीसारखा थर आणि त्यावरील पातळ आवरण अशी ती थरांची घडी असते. बोलताना पुरुषांत ती सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा, तर स्त्रियांत दोनशेच्या आसपास कंप पावते. घडी ताणली की स्वर चढतो.

स्वरतंतू जवळ आणणारे स्नायू अनेक आहेत. त्यांना दूर करून श्वासाची वाट उघडणारी स्नायूंची जोडी मात्र एकच. तिचा कारभार पाहणारी डावी चेता थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा वर येते. त्यामुळे छातीतील गाठीचे पहिले लक्षण कधी कधी बसलेला आवाज हे असते.

निदानाचे महत्त्व

गायनगुरू मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले. आज बारीक दुर्बिणीने ही तपासणी काही मिनिटांत होते. ती वेळेवर करून घेण्यामागे शरीररचनेचेच कारण आहे. खऱ्या स्वरतंतूंत लसिकावाहिन्या अत्यल्प असतात. तेथे कर्करोग झाल्यास आवाज लवकर बदलतो, पण रोग मानेतील गाठींपर्यंत उशिरा पसरतो. म्हणूनच सुरुवातीला निदान झाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात. वरच्या मजल्यावरील रोग मात्र बराच काळ मुका राहतो आणि लसिकावाहिन्यांच्या दाट जाळ्यामुळे लवकर पसरतो. गिळताना दुखणे, कानात ठणका किंवा मानेत गाठ ही त्याची लक्षणे असू शकतात.

आवाज बसण्याचे कारण बहुतेक वेळा सर्दी किंवा अतिवापर हेच असते. शिक्षक, कीर्तनकार, विक्रेते यांच्या स्वरतंतूंवर ओरडण्याने बारीक गाठीही येतात. मौन, पुरेसे पाणी आणि आवाजाचे व्यायाम यांनी त्या अनेकदा विरतात. परंतु तीन आठवड्यांनंतरही आवाज सुधारत नसेल, विशेषतः विडी, सिगारेट किंवा मद्याचे व्यसन असेल, तर हळद-दुधावर विसंबून न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घेणे आवश्यक ठरते.