तळटीप २३

२३. ‘सायनाला हरवणारी नागपूरची डावखुरी’ : मालविका बनसोड (जन्म नागपूर, १५ सप्टेंबर २००१). येथे उल्लेख आहे तो १३ जानेवारी २०२२ रोजी इंडिया ओपन स्पर्धेत दिल्लीच्या के. डी. जाधव सभागृहात झालेल्या दुसऱ्या फेरीतील सामन्याचा. लंडन ऑलिंपिकची (२०१२) कांस्यपदकविजेती सायना नेहवाल त्या वेळी दुखापतींतून सावरत होती. मालविकाचा जागतिक क्रमांक तेव्हा १११ होता. तिने २१-१७, २१-९ असा सरळ दोन गेममध्ये ३४ मिनिटांत विजय मिळवला. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सायनाला नमवणारी पी. व्ही. सिंधूनंतरची ती दुसरी भारतीय खेळाडू. मूळ मजकुरावरून तिने ती स्पर्धाच जिंकली असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात पुढच्याच फेरीत आकर्षी कश्यपने तिला हरवले. त्याच महिन्यात लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोहोचली व सिंधूकडून पराभूत झाली.

त्याआधी २०१९ मध्ये तिने मालदीव आणि नेपाळ येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या होत्या. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनमध्ये पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदकविजेती, इंडोनेशियाची ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंग हिला हरवून तिने उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील हायलो ओपनमध्ये ती उपविजेती ठरली. अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या मिया ब्लिकफेल्टने तिला हरवले. — संपा.