सांधा खरंच बसलाय का?

गाडी स्टेशनात शिरताना खडखडत एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ना, त्या जागेला म्हणतात सांधा. टोकाला निमुळते केलेले दोन रूळ तिथे असतात. ते सरकले की गाडीची वाट बदलते. पूर्वी सांधेवाला हे हाताने करायचा, सिग्नल पाडणारा कधी कधी दुसराच. दोघांचा ताळमेळ चुकला की संपलंच!

१८५६ साली इंग्लंडात जॉन सॅक्सबी नावाच्या मूळच्या सुताराने सांधे आणि सिग्नल एकत्र चालवायच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. याच वाटेने पुढे इंटरलॉकिंग आलं. म्हणजे सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नाही, लोखंडच अडवतं. १८८९ मध्ये ब्रिटनने प्रवासी मार्गांवर ते सक्तीचं करायचा कायदा केला.

आता लिव्हरच्या जागी मोटर आली. पण खरी गंमत सांधा हलवण्यात नाहीच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल: कमांड पाठवली म्हणजे काम झालं असं नसतं, उलट खबर यावी लागते. म्हणून मोटर रूळ सरकवते, कुलूप लावते आणि मग वेगळे संपर्क सांगतात की बसला. आपल्या रेल्वेत ५ मिमीची पट्टी फटीत घालून चाचणी घेतात. तेवढी फट असेल तर कुलूप लागता कामा नये. वायर तुटली तर? सिग्नल लाल. शंका आली की थांबा, हा सगळ्याचा पाया.

मग २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला काय झालं? सांधा लूप लाइनकडे वळलेला होता, सिग्नल मात्र मेन लाइनसाठी हिरवा. चेन्नईकडे निघालेली कोरोमंडल एक्सप्रेस लूपवर उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमधे पूर्वी केलेल्या बदलातल्या आणि फाटकाच्या कामातल्या चुका समोर आल्या. तुटलेली वायर गाडी थांबवते, चुकीची जोडलेली वायर खोटं बोलते.

सॅक्सबीच्या काळात दांडा थेट सांध्याला जोडलेला असायचा. आता मधे वायरी, रिले, सॉफ्टवेअर. यंत्रणा एकंदरीत कितीतरी सुरक्षित झाली, यात वाद नाही. पण एखादी वायर जरी हलवली, तरी पॅनेलवरच्या दिव्यावर भागत नाही. कुणीतरी रुळापाशी जाऊन, वाकून, सांधा डोळ्यांनी बघायलाच हवा. उशीर झाला तरी चालेल.